एका शब्दाचा चटका

मित्रांनो, मला हात लावण्याआधी बोट ओले करा आणि हळूच टेकवून पाहा. चर्र झाले तर दूर व्हा. मी जुनी इस्त्री आहे, वजनाला भारी आणि स्वभावाने तापट. माझ्या मुठीचा रंग उडाला आहे, वायरीला काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे, आणि माझ्या चकतीवर सुती, रेशमी, लोकरी अशी जी अक्षरे होती त्यांतले एकही आता वाचता येत नाही. तळ मात्र अजून गुळगुळीत आहे. त्याचा मला थोडा गर्व आहे, तेवढा असू द्या.

मी मुंबईत चारकोपला एका सेक्टरमधल्या बैठ्या घरात राहते. माझे टेबल खिडकीजवळ आहे आणि टेबलाच्या वर भिंतीवर देव्हारा आहे. त्यामुळे या घरात देवाला जे सांगितले जाते, ते त्याच्याबरोबर मलाही ऐकू येते. मी जे सांगणार आहे ते गोड नाही. पण तुम्ही उद्या मोठे व्हाल, कुठे ना कुठे सही कराल, म्हणून सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंड वितळवून साच्यात ओतले, तळ घासून चकचकीत केला आणि पोटात कॉइल बसवली. शेजारच्या रांगेत घरगुती इस्त्र्या होत्या, हलक्या, गुलाबी आणि आकाशी. त्यांच्या खोक्यावर हसऱ्या बाईचे चित्र होते. माझे खोके साधे होते, कारण मी कामाला जाणार होते. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शर्ट शिवणारे एक युनिट होते. तिथे माझी गाठ लवूशी पडली.

लवू तिथला प्रेसवाला. त्याचे वडील गिरणीत होते. गिरणी गेली, पण कपड्याशी नाते घरात राहिले. लवू मला गालाजवळ आणायचा आणि माझी धग बघायचा. चकतीवरची अक्षरे पुसली गेली ती त्याच्याच अंगठ्याने, आणि त्याला त्यांची गरजही नव्हती. "कॉलर बघायची तर लवूची," असे सुपरवायझर म्हणायचा. कौतुक लवूचे व्हायचे, पण कॉलर माझ्याखालून जायची, हे मी तरी विसरत नसे.

मग ते युनिट बंद पडले. शेवटच्या पगारात काही कमी पडत होते. मालकाने मला उचलून लवूच्या हातात दिले आणि म्हणाला, "लवू, ही घेऊन जा. आपला हिशेब मिटला."

"मिटला," लवू म्हणाला, आणि मला पिशवीत घालून घरी आला.

मित्रांनो, हे नीट ऐकून ठेवा. या लोकांत असेच चालते. घेणारा आणि देणारा दोघेही 'मिटले' म्हणाले की ते मिटले. कमी मिळाले असेल तरी मिटले. त्यानंतर जो कोणी तो विषय काढेल तोच वाईट ठरतो. लवूने त्या मालकाबद्दल पुढे कधी चकार शब्द काढला नाही.

घरी लवूची बायको प्रेमा होती आणि मुलगी रुचिरा. लवूने खिडकीजवळ टेबल मांडले, त्यावर घोंगडी आणि वर पांढरी चादर घातली आणि आसपासच्या इमारतींचे कपडे घेऊ लागला. तो इस्त्री करायचा, प्रेमा गठ्ठे बांधून घरोघर पोचवायची. गठ्ठ्याबरोबर ती बातम्या घेऊन यायची. अमक्याच्या मुलाला बँकेत नोकरी लागली, तो सेटल झाला. तमकीच्या मुलीचे लग्न झाले, नवऱ्याचा स्वतःचा फ्लॅट आहे, ती सेटल झाली. 'सेटल' हा प्रेमाचा फार लाडका शब्द. जगातले सगळे सुख तिने त्या एका शब्दात भरून ठेवले होते. रोज संध्याकाळी दिवा लावताना ती माझ्या डोक्यावर हात जोडून उभी राहायची आणि म्हणायची, "बाप्पा, पोरगी एकदा सेटल होऊ दे. मग काही मागणार नाही."

रुचिरा नर्सिंगला गेली तेव्हा माझे खरे दिवस आले. विद्यार्थिनींचा युनिफॉर्म पांढरा. पांढऱ्या कपड्यावर काही लपत नाही, इस्त्री कच्ची असेल तर लांबून कळते. लवू इतर सगळे गठ्ठे बाजूला सारून आधी तिचा युनिफॉर्म घ्यायचा. "बापाने प्रेस केलेला युनिफॉर्म आहे, म्हणून मी बसच्या सीटवर टेकत नाही," असे रुचिरा सांगायची. शिक्षण पूर्ण करून ती चारकोपमधल्याच एका छोट्या नर्सिंग होममध्ये लागली. पगार बेताचा होता, पण दर महिन्याला पावती मिळायची. ती पगाराची पावतीच पुढे घात करणार होती.

लवूला एकदा वाफेची इस्त्री दिसली. तिच्या शेजारी पाण्याची टाकी, मधे लांब नळी, आणि दाबले की भसाभस वाफ. माझ्याहून निम्म्या वेळात तिचा शर्ट तयार. लवू घरी आला तो तिचेच नाव घेत आला. आता मी काय म्हणणार? माझ्याआधी कपड्यावर बाटलीने पाणी शिंपडावे लागते, हे खरे आहे.

"पण माझ्या नावावर कर्ज कोण देतलो?" लवू म्हणाला. घरात मधूनच मालवणी बोलायची त्याची सवय सुटली नव्हती. "रुचिराची पगाराची पावती आसा. तिच्या नावान घेवया. हप्ते मी भरतलंय."

"घ्या ना बाबा," रुचिरा म्हणाली. "सहीच तर करायची आहे."

अशी इस्त्री लवूची आणि सही रुचिराची झाली. या घरात त्याचे कुणालाच काही वाटले नाही. बापाचे कर्ज आणि लेकीचे कर्ज असे दोन डबे कुठल्या घरात असतात?

वाफवाली आली तीच फुसफुसत आली. मला पलंगाखाली ठेवले, जुन्या चपलांच्या शेजारी. मी अंधारातून तिचे फुस फुस ऐकत राहायचे. तिच्या हाताखाली धंदा वाढला, हे मी कबूल करते. लवू हप्ते वेळेवर भरत होता आणि पाठदुखी कमी झाली म्हणत होता. मला वाईट वाटायचे, पण ते माझे घरगुती दुःख होते.

त्यानंतर टाळेबंदी आली. ऑफिसे बंद झाली आणि सगळे घरी बसले. घरी बसलेला माणूस शर्टाला इस्त्री करून घेत नाही, मित्रांनो. प्रेमा रिकाम्या हाताने परत यायची. इमारतींचे वॉचमन तिला फाटकाच्या आत सोडत नसत. वाफवाली गप्प झाली आणि हप्ते थांबले. रुचिरा मात्र रोज कामावर जात होती. अंगावर प्लास्टिकचा तो बंद झगा, तोंडाला दोन दोन मास्क, घरी आली की दारातच आंघोळ. लोक तिच्यासाठी खिडकीतून थाळ्या वाजवत होते आणि त्याच महिन्यांत नर्सिंग होमने तिचा पगार निम्म्यावर आणला. त्यातून घर चालायचे, हप्ता निघत नसे.

मग फोन सुरू झाले. आधी रुचिराच्या मोबाइलवर, नंतर थेट नर्सिंग होमच्या काउंटरवर. काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांसमोर विचारले, "सिस्टर, कर्ज घेतलंय का तुम्ही?" त्या दिवशी रुचिरा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

काही महिन्यांनी वसुलीवाला दारात आला. देवेश नाव सांगितले. शिवीगाळ नाही, आवाज चढवणे नाही. मी पलंगाखालून पाहिले तर त्याच्या पँटीची घडी चांगली होती, फक्त घाईत केलेली.

"काकी, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "जेवढं जमतंय तेवढं एकदम भरून टाका. बाकीचं कंपनी सोडून देते. फाइल सेटल करून टाकू ना."

"सेटल?" प्रेमाने विचारले. तिचा आवाजच बदलला.

"एकदम सेटल. परत फोन नाय, परत कोणी दारात नाय."

प्रेमाने हातातल्या पाटल्या काढल्या. वाफवालीही विकली. तिला घेऊन जाताना नळी जमिनीवरून फरफटत गेली आणि मला तिची दया आली. पैसे भरले. नंतर एका दुपारी रुचिराच्या मोबाइलवर संदेश आला आणि तिने तो मोठ्याने वाचून दाखवला, की तुमचे कर्ज खाते सेटल झाले आहे.

"परत वाच गं," प्रेमा म्हणाली.

रुचिराने परत वाचले.

"मिटला गे बाय एकदाचा," लवू म्हणाला आणि पलंगाखाली वाकून त्याने मला बाहेर काढले. माझ्यावरची धूळ त्याने आपल्या बनियनने पुसली. प्रेमाने शिरा केला, देवापुढे ठेवला आणि मग शेजारी वाटला. शेजारणीने कशाचा शिरा विचारले तर म्हणाली, "रुचिराचं सगळं सेटल झालं." मला इतका आनंद झाला होता की पहिलाच शर्ट मी थोडा जास्त तापून घेतला.

बरीच वर्षे गेली. कपडे परत येऊ लागले. रुचिरा त्याच नर्सिंग होममध्ये राहिली, तिथे दहा जणांचे काम करून एकाचा पगार घेत राहिली. मग यंदा अंधेरीच्या एका मोठ्या हॉस्पिटलची जागा निघाली. तिने लेखी परीक्षा दिली. मग तिला वॉर्डात नेऊन प्रत्यक्ष काम करून घेतले. "सुई टोचताना पेशंटशी बोलत होतीस, ते मला आवडलं," असे तिथल्या मेट्रन म्हणाल्या. रुचिराने ते वाक्य घरी येऊन इतक्या वेळा सांगितले की लवूला पाठ झाले.

निवड झाली. रुजू होण्याआधी थोडी चौकशी होते, त्याला हरकत नाही, अशी सही तिच्याकडून घेतली. "माझी काय चौकशी होणार? मी काय चोर आहे?" असे म्हणत ती हसली. पगार दुपटीच्या जवळ होता, आणि आईबाबांच्या आजारपणाची सोयही होती. नर्सिंग होमने तिला सांगितले की जायचे तर आताच सांग, दुसरी मुलगी बघावी लागेल. तिने राजीनामा दिला. नव्या हॉस्पिटलने युनिफॉर्म दिला, पांढरा, बाहीला निळी किनार असलेला.

तो युनिफॉर्म माझ्याखाली आला तेव्हा लवूने टेबलावरची चादर बदलली होती. मला त्याने आधी एका जुन्या पंच्यावर फिरवून घेतले, न जाणो तळाला काही लागलेले असेल. मग कॉलर, मग खांदे, मग बाह्या. निळ्या किनारीवरून तो इतका हळू गेला की मला स्वतःचा ठोका ऐकू आला. इतकी सुंदर इस्त्री मी जन्मात केली नव्हती. प्रेमा शेजारी उभी होती. "आता झाली पोरगी सेटल," ती म्हणाली.

रुजू व्हायच्या आधी हॉस्पिटलमधून फोन आला आणि रुचिराला बोलावून घेतले. ती परत आली तेव्हा मी तिच्या कुर्त्याकडे पाहिले. मांडीजवळ मूठभर कापड पार चुरगळले होते. माणसे तोंडाने खोटे बोलतात, कपड्यांना ते जमत नाही.

"घेत नाहीत मला," ती म्हणाली. "कर्जाचा रिपोर्ट खराब आहे, असं तिथल्या ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या. सिबिल."

"कुठलं कर्ज?" प्रेमा म्हणाली. "अगं, आपण तर ते सेटल केलं होतं!"

"तेच लिहिलंय, आई. सेटल."

मी तापलेली होते आणि माझ्याखाली कुणाचा तरी शर्ट होता. लवूने मला उभे करून ठेवायचे भान ठेवले, तेवढेच.

"त्यांच्या भाषेत सेटल म्हणजे मिटलं नाही," रुचिरा सांगू लागली. ती जणू पेशंटच्या घरच्यांना समजावत होती, तसा तिचा आवाज सपाट होता. "पूर्ण न भरता सोडवून घेतलं, असा त्याचा अर्थ. पूर्ण भरलं असतं तर क्लोज्ड लिहितात. वॉर्डात नशेच्या इंजेक्शनांचं कपाट असतं, त्याची चावी माझ्याकडे राहणार होती. ज्याचं असं लिहिलेलं आहे त्याला चावीवर ठेवायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी मला पाणी दिलं."

"पण इस्त्री माझी होती," लवू म्हणाला. "मीच हप्ते चुकवले. मी सांगतो त्यांना."

"सही माझी होती, बाबा."

लवूने ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचा चांगला शर्ट काढला आणि माझ्याखाली घातला. आयुष्यभर लोकांच्या शर्टांना इस्त्री केली, स्वतःच्या शर्टाला क्वचितच. त्या दिवशी पाठीवरून, खांद्यावरून, बटणांच्या पट्टीवरून त्याने मला पुन्हा पुन्हा फिरवले आणि तो अंधेरीला गेला. संध्याकाळी तो परत आला. प्रेमाने विचारले, काय म्हणाले? "बोलले चांगले," एवढेच त्याने सांगितले. शर्ट काढून त्याने माझ्या टेबलावर टाकला. मित्रांनो, त्या शर्टाच्या पाठीला एकही चुणी नव्हती. दिवसभरात त्याला कुणी बसायलाही सांगितले नव्हते.

रुचिरा कर्ज देणाऱ्या कंपनीत जाऊन आली. उरलेले पैसे भरा, मग तुमच्या नावापुढचा शेरा बदलू, असे तिथे सांगितले. पण तो बदलल्याचे रिपोर्टात दिसायला वेळ लागतो, आणि हॉस्पिटल तोवर थांबत नाही. तिची जागा दुसऱ्या मुलीला गेली. जुन्या नर्सिंग होममध्येही दुसरी मुलगी आलेली होती. तिथल्या डॉक्टरांनी रुचिराला चहा पाजला आणि पुढे बघू म्हणाले.

आता ती घरोघर सेवेला माणसे पुरवणाऱ्या एका ब्युरोमार्फत पवईला जाते. तिथे उंच इमारतीत एक आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांचे सगळे ती करते. घरचे तिला 'मावशी' म्हणतात. तिचे नर्सिंगचे शिक्षण झाले आहे हे त्यांना माहीत आहे, पण हाक मारताना कुणी 'सिस्टर' म्हणत नाही. ब्युरोने तिला जांभळा ॲप्रन दिला आहे. तो कसल्या तरी धाग्याचा आहे. रात्री पिळून दांडीवर टाकला की सकाळी सुरकुती नसते. त्याला इस्त्री लागत नाही. माझी त्याच्याशी ओळखही झालेली नाही, आणि व्हावी असे मला वाटत नाही. मिळालेल्या पैशांतून ती उरलेले कर्ज भरते आहे, म्हणजे जे मिटले म्हणून आम्ही शिरा वाटला होता, तेच.

तो पांढरा युनिफॉर्म अजून खिळ्याला आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. परत द्यायला ती गेली होती, तर वापरलेला कपडा घेत नाही असे तिला सांगितले. वापरलेला! एकदा अंगात घालून आरशात पाहिले, तेवढाच काय तो वापर. परवा लवूने पिशवी काढली. कपडा घडीच्या रेषेवर पिवळा पडू लागला होता. त्याने मला तापायला लावले.

"नको, बाबा," रुचिरा म्हणाली. "पिवळ्यावर इस्त्री फिरवली की डाग पक्का होतो."

"मग धुवून घालू."

"कुठे घालू?" ती म्हणाली.

लवूने माझी पिन काढली. मी उगाचच तापले होते, उगाचच थंड झाले. त्याने युनिफॉर्म पुन्हा पिशवीत ठेवला. मी इतकी वर्षे लोकांच्या चुण्या काढत आले, मित्रांनो, पण एखादी घडी चुकीच्या जागी बसली की ती नुसती दाबून जात नाही, हे मलाही माहीत आहे. या मुलीने ना चोरी केली, ना कुणाला फसवले. ती रोगाच्या दिवसांत रोग्यांजवळ उभी राहिली, आणि तिच्या नावापुढे असे लिहिले गेले. मला त्याचा राग येतो. इस्त्रीला राग आला तर ती फार तर एखादा शर्ट जाळेल, म्हणून मी गप्प बसते.

तुम्ही कपडा माझ्याखाली घालण्याआधी तो उलटा करून आत शिवलेली चिठ्ठी वाचता ना? किती तापवायचे ते पाहता ना? तसेच शब्दांचेही करा. बापासाठी सही करा, जरूर करा, पण सही तुमची आहे हे विसरू नका. कुणी गोड बोलून 'सेटल करू' म्हणाला, तर हात जोडण्याआधी त्याला विचारा, की बाबा रे, माझ्या नावापुढे तुम्ही लिहिणार काय? आणि पैसे पुरे भरल्याशिवाय शिरा करू नका.

माझे काय, मी अजून काही वर्षे चालेन. संध्याकाळ झाली की प्रेमा माझ्या डोक्यावर दिवा लावते. हातात पाटल्या नाहीत, म्हणून आता हात जोडताना आवाज होत नाही. "बाप्पा, पोरगी एकदा..." इतके म्हणते आणि थांबते. तो शब्द तिच्या ओठांवर येतो, ती तो गिळते. दुसरा शब्द तिला अजून सापडलेला नाही. मित्रांनो, तुमच्याकडे एखादा असेल तर तिला सांगा.